शब्दचर्चा: 'कॅम्पेन' म्हणजे मोहीम, कथानक की आणखी काही?

पाटीपेन्सिल
आमचा कंपू टेबलावरचा रोल-प्लेइंग खेळ (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची, तो) पहिल्यांदाच विज्ञानकथेच्या अंगाने खेळणार आहे आणि गेम मास्टरची, म्हणजे खेळाचं जग उभं करून खेळ चालवणाऱ्याची, झूल माझ्या अंगावर पडली आहे. खेळ मराठीतूनच चालवायचा असं ठरलंय. तयारीची वही उघडली, वर 'कथानक' लिहिलं, खाली अंक पहिला, अंक दुसरा असं पाडत गेलो आणि अडलो. 'कॅम्पेन'ला, म्हणजे अनेकदा जमून पुढे नेलेल्या एका सलग खेळाला, कथानक चालेल का? 'प्रचार' तर कानालाही नको वाटतो. गेम मास्टर, सेशन (एका वेळी जमून खेळणं), रेलरोडिंग (खेळाडूंना आधीच ठरवलेल्या वाटेने हाकणं), स्पेसशिप यांनाही शब्द सुचवा. नुसते कोशातले नकोत, खेळताना तोंडात बसतील असे हवेत.

रिकामा_रकाना
मोहीम. यात विचार करण्यासारखं काय आहे?

उकार
आहे की. मोहिमेवर निघताना कुठे जायचं, कशासाठी, रसद किती हे माहीत असतं. शेवट माहीत नसतो. कथानकाचा शेवट लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. वहीवर 'कथानक' लिहिलंत की अंक दुसऱ्यात खेळाडूंनी संशोधन केंद्राला मदत करायची असं तुम्ही लिहून बसणार, आणि खेळाडू पहिल्याच रात्री केंद्राचा माल घेऊन पसार होणार. मग अंक दुसरा, तिसरा सगळं पाण्यात.

अंक पाडण्याऐवजी एक ठाणं घ्या. समजा, लघुग्रहावर बर्फ उपसणारी वसाहत आहे. तिथलं हवा शुद्ध करणारं यंत्र मरायला टेकलंय. ठाण्याच्या प्रमुखाला ते लपवायचंय, कारण बातमी फुटली तर कंपनी ठाणंच बंद करेल. यंत्राची देखभाल करणारीला ते माहीत आहे आणि ती गुपचूप आपल्या माणसांसाठी प्राणवायूच्या टाक्या बाजूला काढतेय. सुटे भाग घेऊन निघालेलं जहाज वाटेत कुणीतरी अडवलंय. आता एवढंच लिहा: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर दहाव्या दिवशी काय होईल, विसाव्या दिवशी काय होईल. पहिल्या बैठकीला एवढी तयारी पुरते. ते कुणाच्या बाजूने उभे राहतात, की टाक्या पळवून विकतात, हे त्यांच्यावर सोडा.

काना_मात्रा
व्युत्पत्तीची हौस असणाऱ्यांसाठी: 'कॅम्पेन'च्या मुळाशी लॅटिनमधलं मैदान आहे, तर 'मोहीम' आपल्याकडे अरबी-फारसीतून आली आणि तिथे मूळ अर्थ 'महत्त्वाचं'. दोन्ही शब्द फौजेतूनच खेळात आले म्हणायचे. उकार यांनी 'बैठक' सहज वापरलाय, तोच सेशनला ठेवा. 'सत्र' म्हटलं की परीक्षा आठवते.

रिकामा_रकाना
आणि गेम मास्टरला सूत्रधार. झालं.

तिरपी_रेघ
सूत्रधाराबद्दल मला शंका आहे. नाटकातल्या सूत्रधाराच्या हाती संहिता असते. शिवाय वर्तमानपत्रात सूत्रधार सापडतो तो फक्त कटाचा आणि दरोड्याचा! मूळ इंग्रजीतही एकमत नाहीच. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये डंजन मास्टर, 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये कीपर, आणि 1977 साली आलेल्या 'ट्रॅव्हलर' या अवकाशातल्या खेळात चक्क रेफरी. मला तो रेफरी आवडतो. या खेळांच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे प्रशियाच्या सैन्यातला युद्धखेळ, 1824च्या सुमाराचा. त्यातही पंच असायचा. त्याचं काम फक्त निकाल देण्याचं नव्हतं. कुठल्या बाजूला काय दिसतंय तेवढंच तिला सांगायचं, बाकीचं झाकून ठेवायचं.

उकार
झाकून ठेवणारा पंच, हे पटलं. पण टेबलावर 'पंच' म्हटलं की क्रिकेट सुरू होतं. सूत्रधारच राहू द्या, संहिता मात्र त्याच्या हातून काढून घ्या.

पाटीपेन्सिल
घेतली! आता स्पेसशिपला अर्थातच 'अवकाशयान'?

शीडवाला
इथे जरा थांबा. 'यान' आणि 'जहाज' यांत निवड केलीत की निम्मी मोहीम ठरते. 'यान' म्हटलं की मागोमाग प्रक्षेपण, कक्षा, इंधनाचा हिशोब, खाली बसलेला नियंत्रण कक्ष येतो. 'जहाज' म्हटलं की खलाशी, तांडेल, धक्का, माल, चाचे. पहिल्या प्रकारात पृथ्वी ते मंगळ निरोप जायला, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. म्हणजे 'संभाषण' हा शब्दच बाद, उरतो तो निरोप. मदत मागितली तर उत्तर येईपर्यंत निर्णय खेळाडूंनाच घ्यावा लागतो, आणि सूत्रधाराला याहून चांगलं काय हवं?

दुसऱ्या प्रकाराचा नमुना म्हणजे 'ट्रॅव्हलर'च. तिथे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण आठवडा जातो आणि जहाजापेक्षा वेगाने जाणारी बातमीच नाही. पत्रं, हुकूम, अफवा, सगळं जहाजातून. अशा जगात 'संदेश' गुळगुळीत वाटतो, 'खलिता' म्हणा. कुणाच्या तरी पोतडीत बंद खलिता आहे म्हटल्यावर तो फोडायचा की नाही, यावर खेळाडू अख्खी बैठक भांडतील. म्हणून नकाशा काढण्याआधी बातमी किती वेगाने फिरते ते ठरवा. नकाशाही लहान ठेवा. तीन-चार ठिकाणं पुरतात, आकाशगंगा कुणी मागितलेली नाही.

काना_मात्रा
जाता जाता, 'प्रकाशवर्ष' हे अंतर आहे, काळ नव्हे. खेळाडू हमखास घोळ घालतात. 'पार्सेक' तसाच ठेवा: सुमारे 3.26 प्रकाशवर्षं.

तिरपी_रेघ
रेलरोडिंगसाठी कुणी 'रूळबंदी' वगैरे घडवण्याआधी सांगतो: दावणीला बांधणं. "सूत्रधाराने आम्हाला दावणीला बांधलं" यात चीडसुद्धा आपोआप येते. तसंच 'रोल'साठी दान आहेच. फासे टाकायचे, दान पडतं. 'ट्रॅव्हलर'मध्ये दोन फाशांवर आठ किंवा जास्तीचं दान लागतं. कौशल्याची भर नसेल तर 36 पैकी 15 वेळा ते पडेल, म्हणजे निम्म्याहून कमी. तेव्हा मोहीम पुढे सरकण्यासाठी जे कळायलाच हवं, ते दानावर टांगू नका. यंत्र बिघडलंय हे सरळ सांगून टाका. कुणी बिघडवलं यासाठी फासे टाकू देत.

पाटीपेन्सिल
अंक खोडले. पहिल्या पानावर आता 'मोहीम', जहाज, बर्फाचं ठाणं (उकार, उचललंय) आणि दहाव्या-विसाव्या दिवसाचा हिशोब. खलिता त्या अडवलेल्या जहाजात असेल. एकच शब्द राहिला: 'सेशन झिरो', म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची तयारीची भेट. 'शून्य बैठक' मला मृत वाटतं.

उकार
पूर्वबैठक. तीत पात्रं एकत्र बसून बनवा, म्हणजे एकाच जहाजावर ही माणसं का आहेत ते त्यांच्याच तोंडून येईल. आणि एक 'वर्ज्य' नावाचा रकाना ठेवा. प्राणवायू संपतोय, दारं बंद होतायत, हे कुणाला खेळातही नको असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं. तुमच्या ठाण्यात नेमकं तेच आहे.

रिकामा_रकाना
एनपीसीचं राहिलं, म्हणजे खेळाडूंऐवजी सूत्रधार चालवतो त्या पात्रांचं.

तिरपी_रेघ
एनपीसीला एनपीसीच म्हणा. सगळे तेच म्हणतात.