‘व्यभिचाराचा गुन्हा’ असं लिहावं का?

दर्यापूरकर :
गावच्या तंटामुक्ती समितीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असते. गेल्या बैठकीत एका घरचं प्रकरण आलं. बाई दोन लेकरांची, नवरा कंपनीत कामाला, बाहेरगावी. गावातल्याच एका माणसासोबत तिचं नाव जोडलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, “व्यभिचाराचा गुन्हा कबूल, असं लिवा.” मी लिहिलं नाही, उद्या लिहितो म्हटलं. जाणकारांनी सांगावं, ‘व्यभिचार’ बरोबर की ‘अनैतिक संबंध’? आणि त्याच्यापुढे ‘गुन्हा’ येते का?

साकोलीकर :
‘अनैतिक संबंध’ लिहा भाऊ. पेपरातही तेच येते. ‘व्यभिचार’ फार कडक वाटते.

पुसदकर :
दर्यापूरकर भाऊ, पेन थांबवला ते बरं केलं.

‘व्यभिचार’ हा शब्द मुळात वाटेवरून ढळण्याचा. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, नियम जिथे लागू पडत नाही तिथे व्यभिचार म्हणतात, आणि नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव आहेत, म्हणजे मनात येऊन-जाऊन राहणारे भाव. तिथे कोणाच्या चारित्र्याचा संबंध नाही. विवाहाबाहेरचा संबंध हा अर्थ आज पक्का झाला आहे, त्याला हरकत नाही. हिंदीत जुन्या दंड संहितेत ‘जारकर्म’ होतं, आपल्या बोलण्यात तो शब्द फारसा येत नाही. पेशवाईच्या कागदांत ‘बदअंमल’ सापडतो.

बोलीतले शब्द मात्र बघा. शिंदळ, छिनाल, ठेवलेली, हे सगळे बाईच्याच वाट्याला. पुरुष फार तर ‘बाहेरख्याली’, आणि तेही लोक हसत म्हणतात. तुमच्या बैठकीत त्या माणसाचं नाव लिहायला सांगितलं होतं का? तो त्याच गावात राहतो ना?

आता ‘गुन्हा’. हा फारशी ‘गुनाह’. तिथे त्याचा अर्थ पाप असाही होतो. मराठीत तो कचेरीत आला आणि सरकारनं शिक्षा ठरवलेल्या कृत्यापुरता उरला. बोलताना आपण दोन्ही अर्थ एकत्र करतो. पण सहीशिक्क्याच्या कागदावर तसं चालत नाही. व्यभिचार आज गुन्हा नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 27 सप्टेंबर 2018 ला, जोसेफ शाइन खटल्यात, रद्द केलं. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत घेतलेलं नाही. संसदीय समितीनं स्त्री-पुरुष दोघांना लागू होईल असं करून ते ठेवा म्हणून सुचवलं होतं, तरी नाही.

साकोलीकर :
म्हणजे सूट दिली म्हणा की! घरं मोडतील अशानं. ज्याचा संसार बुडाला त्याला काहीच वाटत नसेल का?

पुसदकर :
वाटते हो, जीव तुटते माणसाचा. ज्याच्यावर ही वेळ आली त्याचं दुःख मी हलकं करत नाही. पण जुनं कलम काय होतं ते नीट वाचा. शिक्षा परपुरुषाला, पाच वर्षांपर्यंत कैद. बाई आरोपी नव्हतीच, आणि तक्रारदारही होऊ शकत नव्हती. नवऱ्याची संमती असली किंवा त्यानं डोळेझाक केली, तर गुन्हाच घडत नव्हता! यात नीती कुठे आली? बायको म्हणजे नवऱ्याची वस्तू, तिला कोणी हात लावला तर मालकाची फिर्याद, इतकंच ते होतं. मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेल्या दंड संहितेच्या 1837 च्या मसुद्यात हे कलम नव्हतं, मागाहून घातलं गेलं.

आर्णीची ताई :
काका, मी बचत गटात काम करते. आमच्याकडे उलटं होते. नवरा दुसरी ठेवते, पैसे देणं बंद करते, मारते. त्या बायांनी काय करावं? कायदाच नाही म्हटल्यावर लोक मोकाट सुटतात.

पुसदकर :
ताई, तुमचं बरोबर आहे, पण त्या बायांना 497 नं कधीच काही दिलं नाही. त्यांना जे पाहिजे ते दुसरीकडे आहे, आणि अजून आहे. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13 : व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण, नवरा-बायको दोघांनाही. पोटगी मागता येते. मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणं याला 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. पहिली बायको असताना दुसरं लग्न लावलं तर तो आजही गुन्हाच. नवरा जेलात गेला तर लेकरांच्या पोटात काय जाते? तिला हक्काचं घर आणि महिन्याचे पैसे पाहिजेत.

कायद्यानं कोणाला वचन मोडल्याबद्दल कैद करू नये, हे माझं ठाम मत आहे. फसवणूक आणि अन्याय ज्याच्यावर झाला त्याला मोकळं होता यावं, त्याचं नुकसान भरून मिळावं, हे कायद्याचं काम. आपल्या भागातल्या शेतकरी जातींत काडीमोड होता, पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न होतं. पंचांसमोर काडी मोडली की दोघंही सुटले, बाई दुसरं घर करू शकत होती. पंच दंडही घेत, गोताला जेवणही मागत, ते मला मान्य नाही. पण संसार मोडू शकतो हे त्या शब्दांनी कबूल केलं होतं.

दर्यापूरकर :
खरं सांगतो. त्या बैठकीनंतर बाईला कापूस वेचायच्या टोळीत कोणी घेईना. गिरणीवाल्यानं दळणाचा डबा तसाच परत केला. अध्यक्ष म्हणतात, गुन्हेगाराला असंच पाहिजे.

पुसदकर :
भाऊ, मग ऐका. गुन्हा आता तिथे घडू राहिला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. अध्यक्षांना शांतपणे हे वाचून दाखवा. इतिवृत्तात ‘गुन्हा कबूल’ असतं तर गिरणीवाल्यापासून सगळ्यांनी तोच कागद पुढे केला असता.

आर्णीची ताई :
दादा, मग लिहाल काय?

दर्यापूरकर :
‘पती-पत्नीमधील वाद. पतीचे म्हणणे ऐकले. पत्नीचे म्हणणे ऐकणे बाकी. उभयतांनी इच्छा असल्यास तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.’ व्यभिचार हा शब्द घालत नाही. तो ठरवायचा अधिकार आमच्या समितीला नाही.

पुसदकर :
‘ऐकणे बाकी’ म्हणजे तिला अजून बोलावलंच नव्हतं?

दर्यापूरकर :
नाही. उद्या मी आणि अंगणवाडीच्या ताई तिच्या घरी जातो. जाताना गिरणीवरूनच जाऊ, तिचं दळण घेऊन.