आई कॅमेऱ्यासमोर भाषण करते. टेकडीवरच्या रानभाज्यांचा माहितीपट कसा करू?

मुळशीची_लेक
मी कोथरूडला राहते, लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. गेले तीन रविवार आईला घेऊन वेताळ टेकडीवर जातेय. आई मुळशी खोऱ्यातली. पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली, तरी पाऊस लागला की तिची नजर जमिनीवरच असते. टाकळा, कुरडू, कवळा, एकेकाचं नाव घेत चालते. मागून माझी नऊ वर्षांची मुलगी. भाजी पिशवीतून येते, एवढंच तिला ठाऊक होतं. परवा तिनं पहिल्यांदा टाकळ्याचा शेंडा स्वतः खुडला आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. हे मला आठ मिनिटांत धरायचंय.

अडचण अशी, की कॅमेरा लावला की आई ताठ होते. "निसर्ग आपला मित्र आहे, त्याचे रक्षण केले पाहिजे." अशी माझी आई बोलतच नाही! एरवी म्हणते, "पार कवळी हाय गं, आज नाय खुडली तर जून होईल." मला ती आई हवी आहे.

शिवाय स्वयंपाकघरातल्या शॉटमध्ये ट्यूबलाइटचे पट्टे येतात, आणि टेकडीवर वाऱ्यात तिचा आवाज बुडतो. वरून एक ड्रोन शॉट घ्यावा का?

कानसेन
मी साउंड करतो, म्हणून आधी आवाजाचं. कॉलर माइक पदराच्या आतून टेपनं चिकटवा, साडी घासली तर सगळं वाया जातं. माइकला केसाळ टोपी हवीच. प्रत्येक जागी कुणी न बोलता मिनिटभर नुसती टेकडी रेकॉर्ड करा, एडिटला सांधे तिनंच झाकले जातात. पट्टे येतात ते आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे. २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवा, जातील. ड्रोन सोडा. लोहगावचा विमानतळ, खडकवासल्याची एनडीए, परवानगीच्या नकाशातच अडकाल. आणि खरं सांगू, तुमच्या आईची नजर खाली आहे, मग कॅमेरा आभाळात कशाला?

आईंना "निसर्ग तुमच्यासाठी काय आहे" असं विचारताय का? त्याला भाषणच मिळणार. "आता कुठली?", "किती खुडू?" एवढंच विचारा. त्याहून बरं, तुम्ही काहीच विचारू नका, नातीला विचारू द्या.

सालई
वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टी. टेकडीचा काही भाग वनखात्याकडे आहे, चौकशी करून मगच शूट करा. दुसरं, हे बघून उद्या कुणी काहीही खुडत सुटेल. कळलावी याच दिवसांत फुलते, दिसायला देखणी, पण मुळापासून फुलापर्यंत विषारी. आई काय खुडत नाही, तेही दाखवा. आणि गिरिपुष्पाखालून त्यांना एकदा चालवा. मध्य अमेरिकेतलं हे झाड टेकड्यांवर मुद्दाम लावलं गेलं. तिथे त्या काय म्हणतात ते ऐकायला मला फार आवडेल.

मुळशीची_लेक
आज जाऊन आले. प्रश्न लेकीनंच विचारले, मी दहा पावलं मागे राहिले. आई विसरूनच गेली मला. "मूळ नाय वढायचं बाय. शेंडा घ्यायचा, मग खालून दोन फुटत्यात." एवढं एक वाक्य चाळीस मिनिटांच्या फुटेजमधून निघालं, पण ते मी कापणार नाही.

गिरिपुष्पाखाली थांबली. थोडा वेळ बघत राहिली. म्हणाली, "हितं मला कोण वळखीचं नाय." मॉनिटरवर बघताना मला रडू आलं.

कळलावी तिनं लांबूनच ओळखली आणि नातीचा हात मागे ओढला. तो हात फ्रेममध्ये आलाय.

कानसेन
"वळखीचं नाय" च्या मागे संगीत लावू नका. तिथलीच शांतता ठेवा.

मुळशीची_लेक
नाही लावत. शेवटचा शॉटही सापडला बहुतेक. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात ना? आम्ही उतरत होतो, अंधारून आलं होतं. लेकीनं वाटेकडेचं एक रोप दाखवून विचारलं, "आजी, हा आजारी आहे?" आई म्हणाली, "नाय गं. झोपलाय. हळू चाल." पुढची पन्नासेक पावलं दोघी खरंच हळू चालल्या. फोकस थोडा सुटलाय. तरी तोच ठेवतेय.