'नेपमन' म्हणजे नफेखोर का?

प्रश्न : १९२० च्या दशकातील सोव्हिएत रशियावरील लेखाचे भाषांतर करताना 'नेपमन' हा शब्द वारंवार येतो आहे. त्यासाठी 'नफेखोर' किंवा 'काळाबाजारवाला' चालेल, की मूळ शब्दच ठेवावा?

उत्तर : मूळ शब्दच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च १९२१ मध्ये बोल्शेविक पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात शेतकऱ्यांचे धान्य सक्तीने काढून घेण्याऐवजी धान्यरूपाने कर घेण्याचे ठरले, उरलेले धान्य विकण्याची मुभा मिळाली आणि या नव्या आर्थिक धोरणाच्या रशियन आद्याक्षरांवरून, म्हणजे 'नेप'वरून, खासगी व्यापारी-उद्योजकाला 'नेपमन' हे नाव पडले. त्याचा धंदा कायदेशीर होता. त्यासाठी तो सरकारकडून 'पेटंट' घेत असे. हे पेटंट म्हणजे शोधावरचा हक्क नव्हे, तर धंद्याचा परवाना, आणि भाषांतरात तसेच लिहावे. माल हातात घेऊन फिरणाऱ्याचा परवाना सर्वांत खालच्या श्रेणीचा असे, बाजारात ठेला मांडणाऱ्याचा त्याच्या वरचा.

चोरटा व्यापार त्याआधीचा, युद्धकालीन साम्यवादाच्या, म्हणजे यादवी युद्धात खासगी व्यापारावर बंदी असतानाच्या दिवसांतला. तेव्हा खेड्यातले धान्य पोत्यात भरून आगगाडीने शहरात आणणाऱ्यांना 'मेशोच्निक' म्हणत. त्यांनाही मी 'काळाबाजारवाले' न म्हणता 'पोतेवाले' म्हणेन, कारण उपाशी शहरांचे पोट बऱ्याच अंशी त्यांनीच भरले.

'नफेखोर' तर मला फारच खटकतो. तो वर्णन करत नाही, निवाडा देतो, आणि तोही सरकारी प्रचाराचा. १९२२-२३ मध्ये देशाच्या किरकोळ व्यापाराचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा खासगी हातांत होता, तरीही १९१८ च्या राज्यघटनेनुसार खासगी व्यापाऱ्यांना मताधिकार नव्हता. मॉस्कोच्या महागड्या उपाहारगृहांत पैसे उधळणारा धनिक आणि सुया-दोरे विकणारा फेरीवाला या दोघांनाही सरकारने मताधिकार नसलेल्यांच्या याच यादीत बसवले होते. 'नफेखोर' लिहिले की वाचकाला फक्त पहिला दिसतो आणि दुसऱ्यावर अन्याय होतो.

प्रश्न : मग 'कुलक' आणि 'नेपमन' समानार्थी मानावेत का?

उत्तर : नाही. कुलक हा गावातला सधन शेतकरी, तर नेपमन मुख्यतः शहरातला. १९३१ मध्ये खासगी व्यापारावर बंदी आली, त्यामुळे त्यानंतरच्या प्रसंगांत 'माजी नेपमन' असेच लिहावे.