उन्हाळ्यात मोकळी तट्टं बघायला गेला आहात का? अनुभव सांगा

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघं न्यू जर्सीहून गाडी काढून मेरिलँडच्या अ‍ॅसाटीग बेटावर गेलो, फक्त तिथली रानातली तट्टं बघायला. परत आल्यापासून घरात दुसरा विषय नाही, म्हणून हा धागा. कुठल्याही देशातला अनुभव चालेल. काय दिसलं, किती वाट पाहावी लागली, काय चुकलं, सगळं लिहा.

आमचं आधी सांगते. बेट साठेक किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला खाजण. पहिला अख्खा दिवस लिदीशिवाय काही दिसलं नाही. धाकटी हिरमुसून झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाजणाकडे डोळे लावून बसलो होतो आणि तट्टं होती पाठीमागे, समुद्रावर! रेंजरबाईंनी सांगितलं, उन्हाळ्यात खाजणात डास आणि चावऱ्या माश्यांचा इतका उच्छाद असतो की ती वाऱ्यासाठी किनाऱ्यावर येतात, कधी सरळ लाटांत जाऊन उभी राहतात. सहा होती. दोघी घोड्या उलटसुलट तोंडं करून उभ्या, एकीच्या शेपटीने दुसरीच्या तोंडावरच्या माश्या वारत. पोटं एवढी सुटलेली की मला सगळ्याच गाभण वाटल्या. पण ते मिठामुळे. खाजणातलं खारट गवत खायचं आणि इतर घोड्यांच्या दुपटीहून जास्त पाणी प्यायचं, म्हणून अंग फुगतं.

आता आमची चूक. पावाची पिशवी तंबूबाहेर राहिली आणि एका घोडीने ती फाडली. खाणं गाडीत बंद ठेवायचं, ही सूचना आम्ही वाचलेली होती. रेंजरबाईंनी समज दिली ती योग्यच होती. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं तट्टू रस्त्यावर गाड्यांपाशी येतं आणि धडकेत मरतं. ते ऐकून पोटात खड्डा पडला. चाळीस फुटांचं अंतर ठेवायचा नियम आहे, तो मुलांना आधीच पावलांनी मोजून दाखवा.

*

ताई, तुम्ही पाहिलात तो उत्तरेचा कळप. राज्यांच्या हद्दीवर कुंपण आहे. पलीकडचा व्हर्जिनियातला कळप शेजारच्या शिंकटीग बेटावरच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा. बेटातून सलग रस्ता नाही, त्यामुळे दोन्हीकडे जायचं तर मुख्य भूमीवरून तासाभराचा वळसा. १९२५ पासून जुलैच्या शेवटच्या बुधवारी हा कळप खाडी पोहून शिंकटीगला आणतात. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं तेवढ्यात. आम्ही पहाटेपासून चिखलात उभे होतो आणि पोहणं काही मिनिटांत संपलं. पण शिंगरांची नाकं पाण्यावर दिसली तेव्हा सगळा किनारा श्वास रोखून होता.

दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो. आईला हाका मारणारं एक शिंगरू बघून माझ्या बायकोला रडू आवरेना. बेटावरचं गवत मोजकंच, म्हणून मोठी तट्टं दीडशेच्या आत ठेवावी लागतात, हे मला कळतं. लिलावाच्या पैशातून दल चालतं, तट्टांचं औषधपाणीही होतं. तरी उत्तरेकडे १९९४ पासून बरीच वर्षं हेच काम संततिनियमनाच्या लशीने झालं, दुरून बाण मारून. मला ती वाट जास्त पटते.

*

उत्तर कॅरोलायनात कोरोला गावी तिथली रानातली तट्टं बघायला गेलो होतो. डांबरी रस्ता संपतो, पुढे वाळूवरून चारही चाकं ओढणारीच गाडी हवी आणि टायरमधली हवा कमी करावी लागते. तिथे पन्नास फुटांचा नियम. २०२० मध्ये कोणीतरी सफरचंद दिलं, ते घशात अडकून एक वर्षभराचं शिंगरू गेलं. प्रेमानेच दिलं असणार. कृपा करून कोणी काही देऊ नका.

*

इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टबद्दल. तिथली हजारो तट्टं मोकळी दिसतात, पण प्रत्येकाला मालक आहे. चराईचा हक्क असलेल्या स्थानिकांची ती. शेपटीचे केस कापायची तऱ्हा भागाभागानुसार वेगळी, त्यावरून कुठलं तट्टू ते ओळखतात. ऊन तापलं की घोळक्याने रस्त्यातच उभी राहतात, म्हणून गाडी ताशी चाळीस मैलांच्या आतच ठेवा. आम्ही एकदा वीस मिनिटं इंजिन बंद करून बसलो होतो. मी दौंडची. आजोबा भीमथडीच्या तट्टांबद्दल सांगायचे, बुटकी, दणकट, थोडक्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी. त्या वीस मिनिटांत मला आजोबांचा आवाज ऐकू येत होता.

*

परदेशीच जायला हवं असं नाही. नोकरीनिमित्त आम्ही तिनसुकियाला होतो. आसामातल्या डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांचे वंशज रानात राहतात. एप्रिलच्या शेवटी गुइजान घाटापर्यंत गाडीने आणि पुढे होडीने गेलो. नदी चढायला लागली होती. होडीवाले काका म्हणाले, हिवाळ्यात यायला हवं होतं, आता वाळूची बेटं बुडतील आणि घोडे आत उंचवट्यावर जातील. एका चापोरीवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावर, उतरलो. घोडे नव्हते. ओल्या वाळूत टापा होत्या, मोठ्या आणि त्यांच्या बाजूने लहान, पाण्याच्या कडेपर्यंत गेलेल्या. मुलाने गुडघ्यावर बसून त्यातल्या एकीत आपली मूठ ठेवून पाहिली. येत्या जानेवारीत पुन्हा जातोय.