पॅड मोफत, पण कपाटाला कुलूप

काठावरची
माझ्या भाचीच्या शाळेत पाळीचे पॅड मोफत मिळतात. कपाट शिक्षकांच्या खोलीत, किल्ली एका सरांकडे. घ्यायला गेलं की वहीत नाव, वर्ग, तारीख लिहायची आणि पुढे ‘कारण’ असा रकाना. कारण! पहिल्या पानावर चार नावं आहेत, दुसरं पान कोरं. आता शाळा म्हणते, मुलींना गरजच नाही, पाकिटं तशीच पडून आहेत.
माझं मत साधं आहे. पॅड टॉयलेटमध्ये साबणाशेजारी उघडे ठेवा. पटत नसेल तर भांडा.

हिशेबी
भांडतोच. उघडे ठेवले की दोन दिवसांत सगळा साठा गायब. पैसा कुणाच्या तरी खिशातून जातो, नोंद हवीच. आणि फुकट कशाला? पॅडवरचा जीएसटी आपल्याकडे २०१८ मध्येच काढलाय, ज्याला हवे तो विकत घेईल.

काठावरची
गायब होऊन जातील कुठे? बहीण वापरेल, आई वापरेल. साबणाला ठेवता का वही?
कराचं म्हणाल तर केनियाने तो २००४ मध्येच काढला. तरी २०१७ मध्ये शाळकरी मुलींना मोफत पॅड देण्याचा कायदा करावाच लागला. हातात पैसेच नसले तर स्वस्त काय नि महाग काय. स्कॉटलंडच्या संसदेने असा कायदा २०२० मध्ये मंजूर केला, लागू झाला २०२२ मध्ये. नुसतं ‘मोफत द्या’ म्हणून ते थांबले नाहीत. सहज मिळालं पाहिजे आणि घेणारीचा मान राहिला पाहिजे, हेही त्यात लिहिलंय. ‘कारण’ रकान्यात कसला आलाय मान?

जुनी_खोड
पॅड पॅड काय लावलंय! कपड्यावर पिढ्या निघाल्या. या पॅडमध्ये प्लास्टिक, तो कचरा कोण उचलणार? त्यापेक्षा पाळीचे कप वाटा, आत बसवून रक्त साठवायचे, धुऊन परत वापरायचे. एक कप दहा वर्षं चालतो म्हणे.

रात्रपाळी
मी नर्स आहे, नाव वाचून हसू नका.
कपडा वाईट नाही, ओला कपडा वाईट. साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवला तर खुशाल वापरा. पण कुणाला दिसू नये म्हणून तो दुसऱ्या कपड्याखाली, सावलीत दडवतात आणि दमटच परत घेतात. खाज, पुरळ तिथून सुरू.
कप चांगलाच, बारा तासांपर्यंत चालतो. पण तो रिकामा करायला पाणी हवं, आतून कडी लागणारं दार हवं, पाळी संपली की उकळायला भांडं हवं. हे नसेल तिथे कप वाटून हात झटकू नका.
पॅडचंही तेच. चार-सहा तासांनी बदलायचं असतं हे मुलींना सांगतं कोण? सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत पुरवतात. तासातासाला पॅड भिजत असेल किंवा रक्तस्राव सात दिवसांच्या वर गेला तर ‘होतं असं’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरकडे जा.
आणि काठावरची, त्या टॉयलेटमध्ये झाकणाचा डबा आहे का? वापरलेलं टाकायलाच जागा नसेल तर नवं घेऊन ती करेल काय?

हिशेबी
डब्याचं पटलं. वहीचं नाही. बरं, नावं नका लिहू, पण आठवड्याला किती पाकिटं संपली ते तरी मोजाल की नाही?

काठावरची
मोजा की. त्याला कोण नाही म्हणतंय?

मागचा_बाक
आमच्या शाळेत पाळीची माहिती द्यायची होती तेव्हा मुलांना मैदानावर हाकललं. नंतर महिनाभर आम्ही मुलींना ‘तुमच्या तासाला काय शिकवलं’ म्हणून छळलं. आता आठवलं की लाज वाटते. आम्हालाही आत बसवायला हवं होतं.

जुनी_खोड
मुलांना काय करायचंय त्यात?

रात्रपाळी
किल्लीवाले सरही तेव्हा मैदानावरच असणार.

काठावरची
आत्ता भाचीला विचारलं. डबा नाही. एक बादली आहे, बिनझाकणाची, बाहेर हात धुवायच्या नळाखाली.