चर्चची ‘ॲडव्होकसी’ : कैवार, वकिली की मध्यस्थी? आणि शांती की शांतता?

टाकबोरू :
चर्चसंस्थांच्या सामाजिक कामावरचे काही लेख मराठीत आणते आहे. ‘जस्टिस अँड पीस ॲडव्होकसी’ हा प्रयोग त्यात पानोपानी आहे, म्हणजे एकदा चुकलं की पुस्तकभर चुकणार. आतापर्यंत हाताशी आलेले शब्द : समर्थन, पुरस्कार, पैरवी, पाठपुरावा, जनवकिली. ‘समर्थन’ मिळमिळीत आहे, त्यात नुसती मान डोलावणंही बसतं. जुन्या गद्यात एखाद्या मताचा ‘पुरस्कार’ करत, पण आता तो शब्द वाचला की बक्षीस समारंभ आठवतो. ‘जनवकिली’ स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत रुळला आहे, त्याबाहेर कुणाच्या तोंडी ऐकला नाही. शिवाय ‘पीस’चं शांती करू की शांतता? दोन्ही वापरून पाहिले, दोन्ही कुठे ना कुठे खटकतात.

नीरक्षीर :
शब्द घरातच आहे : कैवार. मराठी बायबल उघडून पाहा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना ‘दुसरा कैवारी’ मिळेल असं सांगतो. मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतॉस’, म्हणजे आपल्या बाजूला उभं राहायला बोलावलेला. लॅटिनमधल्या ‘अद्वोकातुस’चाही अर्थ तोच, आणि इंग्रजी ॲडव्होकेट त्यातूनच आला. योहानाच्या पहिल्या पत्रात तोच ग्रीक शब्द खुद्द येशूला लावलाय आणि मराठीत तिथंही कैवारीच आहे. थोडक्यात, तुमच्या शब्दाचं भाषांतर कधीच होऊन गेलेलं आहे.

त्या भाषांतरकारांनी ‘वकील’ लिहिलं नाही हे मला फार बरं वाटतं. वकील आज या पक्षाचा, उद्या त्या पक्षाचा असू शकतो आणि त्यात काही गैर नाही, तो त्याचा व्यवसाय आहे. कैवार घेणाऱ्याला ती मोकळीक नाही. दुसरं म्हणजे ‘कैवार’ म्हटलं की वाक्यच विचारतं, कुणाचा? ‘न्यायाचा कैवार’ कानाला कसासाच लागतो, ‘मजुरांचा कैवार’ सहज येतो. त्यामुळे अनुवाद करताना मूळ लेखकानं जे मोघम ठेवलंय ते तुम्हाला ठरवावं लागेल. हा मी दोष मानत नाही.

१८९१ मध्ये पोप लिओ तेराव्यानं ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं, त्यात कामगाराला कुटुंब चालेल इतकी मजुरी मिळावी आणि त्याला संघटना करता यावी असं स्पष्ट म्हटलं. त्याच परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्कही तितक्याच ठामपणे राखलाय आणि समाजवाद्यांना फटकारलंय. तेव्हा ‘न्यायाचं समर्थन’ असं लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही. कामगारांचा कैवार कुठवर घेतला आणि कुठे थांबवला हे सांगावं लागतं. जाता जाता : ‘सामाजिक न्याय’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचं श्रेय ज्याला देतात तो लुइजी तापारेली हा १८४० च्या दशकातला जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य) पक्का सनातनी होता. आज हा शब्द ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं.

चौकस :
कैवारी? वर्तमानपत्रात ‘गरिबांचे कैवारी’ हा शब्द शेवटचा सरळ अर्थानं कधी वाचलात? तो आता टोमणा झालाय. अवतरणचिन्हं नसली तरी ऐकू येतात.

आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. मूळ प्रयोगात न्याय आहे तशी शांतीही आहे. दोन सशस्त्र गटांना एका टेबलाशी बसवायचं असेल तर तिथं कैवारी चालत नाही. तिथं दोघांनाही आपला वाटेल असा माणूस लागतो.

आडवाट :
दोघांचंही बरोबर आहे, कारण ‘ॲडव्होकसी’ या एका शब्दाखाली चर्चनं निदान तीन वेगळी कामं केली आहेत. प्रत्येकाला मराठीत निराळा, नेमका शब्द आहे. मूळ लेखात चर्च नेमकं काय करतंय ते पाहा आणि मग शब्द निवडा.

पहिलं काम अगदी शब्दशः वकिली. चिलीत सप्टेंबर १९७३ मध्ये जनरल पिनोचेनं लष्करी उठाव करून सत्ता बळकावल्यावर काही आठवड्यांतच तिथल्या चर्चनी इतर धर्मीयांना बरोबर घेऊन एक समिती काढली. तिच्या नावात ‘शांती’ शब्द होता, पण काम होतं अटक झालेल्यांसाठी कोर्टात बंदीप्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असे, अर्ज करण्याचं. १९७५ च्या अखेरीस पिनोचेच्या दबावाखाली ती बंद करावी लागली. तेव्हा सांतियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ च्या सुरुवातीला ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ (म्हणजे एकजुटीचं कार्यालय) स्थापन केली. मेख अशी की ही वेगळी संस्था नव्हती, धर्मप्रांताचाच एक विभाग होता. तिला कुलूप लावायचं तर चर्चलाच हात घालावा लागला असता.

तिथल्या कामाचं रूप बघा. बाई येते, नवऱ्याला रात्री उचलून नेलं म्हणते. वकील तिचं म्हणणं लिहून घेतो : नाव, वेळ, कोणत्या गाडीतून नेलं, कोणी पाहिलं. अर्ज टाइप होतो आणि कोर्टात जातो. कोर्टानं जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले. तरी लिहिणं थांबलं नाही. लोकशाही परतल्यावर १९९० मध्ये सत्यशोधन आयोग बसला तेव्हा हीच कागदपत्रं त्याच्या कामी आली. याला मी वकिलीच म्हणेन, शिवाय ‘पाठपुरावा’ही म्हणेन. तुमच्या यादीतला हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कष्टाळू शब्द आहे.

दुसरं काम कैवार. एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, बेपत्ता झालेल्यांची नावं वाचत आणि ते रेडिओवरून देशभर ऐकलं जाई. २३ मार्च १९८० च्या प्रवचनात त्यांनी थेट सैनिकांना उद्देशून सांगितलं की आपल्याच लोकांना मारण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी एका इस्पितळाच्या प्रार्थनागृहात मिस्सा ही कॅथलिक उपासना चालू असताना त्यांना गोळी घातली. इथं ‘समर्थन’ लिहून बघा, लेखणी अडेल. चौकस, टोमण्याचं म्हणाल तर शब्द बदनाम झाला तो त्याचे बिल्ले लावून फिरणाऱ्यांमुळे. रोमेरोंच्या वाक्यात बसवला की तो आपोआप धुऊन निघतो.

तिसरं मध्यस्थी. मोझांबिकमध्ये सरकार आणि रेनामो बंडखोर यांच्यात जवळपास पंधरा वर्षं युद्ध चाललं होतं. रोममधल्या ‘सांत एजिदिओ’ या कॅथलिक समुदायाच्या वास्तूत दोन वर्षांहून जास्त काळ बोलणी झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. मध्यस्थांमध्ये मोझांबिकमधल्याच बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोंसाल्विस होते. या समुदायाकडे ना सैन्य होतं ना तिजोरी. इथं कुणी कैवार घेतला असता तर बोलणी दुसऱ्याच दिवशी मोडली असती. ज्यांच्यावर गावंच्या गावं जाळल्याचे आरोप आहेत त्यांनाही खुर्ची द्यायची आणि त्यांचं ऐकून घ्यायचं, असं ते काम. न्यायाच्या नजरेनं ते बोचतं. म्हणून ‘न्याय आणि शांती’ ही जोडी कागदावर दिसते तितकी गोडीगुलाबीनं नांदत नाही, आणि तीनही कामांना एकच मराठी शब्द देणं म्हणजे ती ओढाताण झाकणं.

टाकबोरू :
हे पटलं. माझ्याकडच्या एका लेखात एकाच परिच्छेदात हा शब्द तीन वेळा येतो आणि आता बघते तर तिन्हीकडे अर्थ निराळा आहे. शांती-शांततेचं कुणी बोललंच नाही.

नीरक्षीर :
माझी साधी कसोटी. ज्याचा ‘भंग’ होतो आणि जी ‘राखा’ म्हणून भिंतीवर लिहितात ती शांतता. जी मनाला लाभते ती शांती. हिब्रू ‘शालोम’मध्ये कुशल, भरभराट, नीट जुळलेले संबंध हे सगळं येतं. ते शांततेत मावत नाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ‘शांती करणारे’ धन्य म्हटलेत, ‘शांतता राखणारे’ नव्हेत. राखायला आधी असावी लागते.

या फरकासाठी उत्तम उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम तुरुंगातल्या पत्राचं. तारीख १६ एप्रिल १९६३. ज्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उद्देशून आहे त्यांचं म्हणणं होतं की वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं अवेळी आहेत, सुव्यवस्था बिघडते, कोर्टात जा. किंग यांनी उत्तर दिलं की तणाव नसणं ही एक नकारात्मक शांती आणि न्याय असणं ही सकारात्मक. मी अनुवाद करत असतो तर पहिल्याला ‘शांतता’ आणि दुसऱ्याला ‘शांती’ लिहून मोकळा झालो असतो. विशेषणांची गरजच नाही. योगायोग असा की पोप तेविसावे जॉन यांचं ‘पाचेम इन तेरिस’ हे शांतीवरचं परिपत्रक त्याच्या पाचच दिवस आधी निघालं होतं, आणि तेही शांतीची बांधणी हक्क, सत्य आणि न्याय यांवरच करतं.

चौकस :
छान दिसतं, टिकत नाही. मराठीत ‘शांतता करार’ म्हणतात, ‘जागतिक शांतता’ म्हणतात आणि नोबेलचा ‘शांतता पुरस्कार’ही म्हणतात. तो किंग यांनाच मिळाला होता, १९६४ मध्ये. म्हणजे तुमच्या नियमानं त्यांना गप्प बसण्याचं बक्षीस मिळालं म्हणायचं? उलट ‘शांती’ लिहिली की वाचक डोळे मिटून बसतो. ध्यान, समाधान, आत्म्याला शांती. पूर्व जर्मनीच्या पोलिसांना ज्याची धास्ती वाटली ते काही मनःशांतीचं आंदोलन नव्हतं.

तिथली गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या तरुणांनी तरवार ठोकून नांगराचा फाळ करणाऱ्या माणसाचं चित्र बिल्ल्यावर घेतलं, त्याभोवती मीखा संदेष्ट्याचं वचन. छापील मजकुराला सरकारी परवाना लागे, म्हणून ते न विणलेल्या कापडावर छापलं, कारण नियमात ते वस्त्रोद्योगाचं काम ठरत होतं. पुढे शाळांतून आणि रस्त्यावर पोलिसांनी हे बिल्ले उतरवायला लावले. गंमत म्हणजे चित्रातला पुतळा सोव्हिएत युनियननंच १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेला. त्याच चर्चमधून पुढे लाइपझिगच्या सोमवारच्या प्रार्थना आल्या आणि ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्तर हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले. इथं तुम्ही काय लिहाल?

नीरक्षीर :
प्रार्थना ‘शांतीसाठी’, चळवळ ‘शांततावादी’. हो, नियम मोडतोय, मान्य. कसोटी म्हणून वापरा, कायदा म्हणून नको. मात्र किंग यांच्या त्या परिच्छेदापुरता मी मागे हटत नाही.

आडवाट :
क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथासाठीही ‘शांततावादी’ बसतो. १६६१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या राजाला लेखी कळवलं की कोणत्याही कारणासाठी आम्ही शस्त्र धरणार नाही. गप्प बसणारे मात्र ते नव्हते. ब्रिटनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते.

एक मुद्दा राहतोय आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे : ‘नीतिमत्त्व’. ग्रीकमध्ये ‘दिकायोसिने’ या एकाच शब्दात सरळपणाही आहे आणि न्यायही. मराठी बायबलमध्ये, त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, ‘नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले’ धन्य आहेत. स्पॅनिशमध्ये त्याच ओळीत ‘हुस्तिसिया’ आहे, म्हणजे न्यायाचे भुकेले. लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यांत लोक घोळक्यानं बसून बायबल वाचत तेव्हा त्यांच्या कानावर ‘न्याय’ पडत होता. मराठी वाचकाच्या कानावर त्या जागी सद्वर्तन पडतं. १९६८ च्या मेदेयिन परिषदेतल्या लॅटिन अमेरिकी बिशपांची भाषा किंवा गुस्तावो गुतिएरेस यांचं मुक्तीचं, म्हणजे गरिबांच्या बाजूनं उभं राहणारं, धर्मशास्त्र एका शब्दामुळे घडलं असं मी म्हणत नाही. जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात असणं हे त्याचं पुरेसं कारण होतं. पण तुमच्या लेखात ही ओळ उद्धृत असेल तर फक्त ‘नीतिमत्त्व’ ठेवून भागणार नाही, लेखकाचा मुद्दाच निसटेल.

टाकबोरू :
आहे, दोन ठिकाणी आहे! वचन रूढ भाषांतरातलं ठेवते आणि पुढच्याच वाक्यात ‘न्यायाची ही भूक’ असं आणते. तळटीप टाळता येईल. ‘चर्च’चं काय करू? मंडळी, ख्रिस्तसभा, चर्च असं तिन्ही दिसतं.

चौकस :
मराठी प्रोटेस्टंट ‘मंडळी’ म्हणतात, कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’. संस्था आणि लोक या अर्थी ते वापरा, इमारतीला चर्च. सरमिसळ लेखसंग्रह असेल तर सरळ सगळीकडे चर्च.

टाकबोरू :
शेवटचा प्रश्न. ‘रिकन्सिलिएशन’ला समेट, सलोखा की तडजोड? लेख दक्षिण आफ्रिकेचा आहे.

आडवाट :
बायबलमध्ये ‘समेट’ आहे, तोच घ्या, पण संदर्भ पाहून. १९८५ मध्ये तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी काढलेल्या ‘कैरोस’ निवेदनाचा रोखच या शब्दावर होता. वर्णभेदाला धर्मशास्त्राचा टेकू देणारं चर्च तिथं होतंच. आफ्रिकानर लोकांच्या डच रिफॉर्म्ड चर्चनं १८५७ च्या धर्मसभेतच गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या उपासनांना वाट करून दिली होती. पण ‘कैरोस’नं वर्णभेदाला विरोध करणाऱ्या चर्चनाही धरलं. अन्याय तसाच ठेवून दोन्ही बाजूंना ‘समेट करा’ म्हणणं हे पापाशी हातमिळवणी करण्यासारखं आहे, असा त्याचा सूर होता. तेव्हा निवेदनाला जो नको होता त्याला ‘तडजोड’ म्हणा, जो हवा होता त्याला ‘समेट’. ‘सलोखा’ नंतरच्या काळासाठी ठेवा, म्हणजे १९९६ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचं काम सुरू झालं तिथून पुढे. ‘सत्य आणि सलोखा आयोग’ असं त्याचं मराठी नाव वाचकांच्या परिचयाचंही आहे.

टाकबोरू :
ठीक. वकिली, कैवार, मध्यस्थी संदर्भानुसार, आणि नुसतं पत्र लिहून मागणी करत राहण्याला पाठपुरावा. शीर्षकात मात्र एकच शब्द बसतो, तिथं ‘कैवार’ घालते आहे. चौकस रागावतील.

चौकस :
घाला. अवतरणचिन्हं तेवढी लावू नका.