पॉप वॉर्नर : कल्पक प्रशिक्षक, की कार्लाइलच्या मुलांच्या जिवावर मोठा झालेला माणूस?

धागाकर्ता : अर्धविराम

अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या काही दशकांतील थोर प्रशिक्षकांची नावे घेतली जातात, तेव्हा ग्लेन स्कोबी वॉर्नर, अर्थात 'पॉप' वॉर्नर, याला पहिल्या पाचांत जागा मिळतेच. 1871 साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला हा गृहस्थ कॉर्नेल विद्यापीठात कायदा शिकला आणि 1894 मध्ये तेथील संघाचा कर्णधार झाला. सहखेळाडूंपेक्षा वयाने मोठा असल्यामुळे त्याला 'पॉप' हे नाव चिकटले. वकिली त्याने फारशी केली नाही. 1895 पासून 1938 पर्यंत जॉर्जिया, कॉर्नेल, कार्लाइल, पिट्सबर्ग, स्टॅनफर्ड आणि टेंपल असा त्याचा प्रवास झाला. 'सिंगल विंग' आणि 'डबल विंग' या मैदानावर खेळाडू उभे करण्याच्या रचना त्याच्या नावावर जमा आहेत, आणि आजही अमेरिकेतील लहान मुलांच्या फुटबॉलची मोठी संस्था त्याचे नाव लावते.

माझा आक्षेप कार्लाइलच्या पर्वाला आहे (1899 ते 1903 आणि पुन्हा 1907 ते 1914). पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल ही साधी शाळा नव्हती. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने 1879 मध्ये जुन्या छावणीत सुरू केलेली ती सरकारी निवासी शाळा होती, आणि मूलनिवासी ('इंडियन') मुलांचे केस कापून, त्यांची भाषा बंद करून 'त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा' हे तिचे उघड धोरण होते. अशा ठिकाणच्या मुलांना घेऊन वॉर्नरने हार्वर्ड आणि पेन्सिल्व्हेनियासारख्या श्रीमंत विद्यापीठांना हरवले व स्वतःचे नाव केले. पुढे 1914 मध्ये संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली, तेव्हा संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) गस वेल्च याच्यासह अनेक खेळाडूंनी वॉर्नरच्या शिवीगाळीबद्दल, मारहाणीबद्दल आणि पैशांच्या व्यवहारांबद्दल साक्षी दिल्या. ज्यांच्या बळावर तो जिंकला त्यांचेच त्याच्याविषयी असे मत असेल, तर आपण त्याला 'महान' कोणत्या आधारावर म्हणायचे?

क्रीडांगण

आपण मांडलेल्या साक्षी खऱ्या आहेत, त्या नाकारण्याचा प्रश्न नाही. परंतु 'मुलांच्या जिवावर मोठा झाला' हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण खेळातच आहे.

त्या काळचा फुटबॉल म्हणजे मुख्यतः वजनाचा खेळ होता. एकमेकांना बिलगून चेंडूवाल्यासह पुढे रेटत जाण्याने इतके मृत्यू होत होते, की 1906 मध्ये नियम बदलून चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा द्यावी लागली. मोठ्या विद्यापीठांनी या मुभेकडे संशयाने पाहिले, कारण पास फसला तर चेंडू हातचा जाण्याची शिक्षा होती. कार्लाइलची मुले प्रतिस्पर्ध्यांहून हलकी आणि चपळ होती, हे ओळखून वॉर्नरने 1907 मध्ये लांब पास हेच संघाचे मुख्य शस्त्र केले. पेन्सिल्व्हेनियावर 26–6 आणि हार्वर्डवर 23–15 असे विजय त्यातून आले. त्याआधी 1903 मध्ये त्याने शिंप्याकडून एका खेळाडूच्या जर्सीत इलॅस्टिक बसवून घेतले, आणि डिलन नावाचा तो गडी पाठीवर चेंडू लपवून हार्वर्डच्या अख्ख्या संघामधून पळत सुटला. (तो सामना कार्लाइल 12–11 असा हरले, ही गोष्ट किस्सा सांगणारे सोयीस्करपणे गाळतात.)

आणखी एक मुद्दा निर्णायक आहे. कार्लाइल सोडल्यावर वॉर्नर पिट्सबर्गला गेला आणि तेथे 1915, 1916 व 1917 या तिन्ही हंगामांत त्याचा संघ एकही सामना हरला नाही. यश केवळ कार्लाइलच्या मुलांचे असते, तर ते तिकडे त्याच्याबरोबर गेले नसते.

अर्धविराम

पिट्सबर्गचा मुद्दा मी मान्य करतो. शीर्षकातील शब्द मी अधिक तोलून वापरायला हवे होते. तरीही पिट्सबर्गचा विद्यार्थी प्रशिक्षक न पटल्यास दुसरीकडे जाऊ शकत होता, कार्लाइलच्या मुलाला ती सोय नव्हती. होपी जमातीचा धावपटू लुइस टेवानिमा तर 1907 मध्ये कैदी म्हणूनच तेथे आणला गेला होता, आणि पुढे 1912 च्या ऑलिंपिकमध्ये त्याने दहा हजार मीटरचे रौप्यपदक मिळवले.

मला खरे खटकते ते कार्लाइलचा सर्वांत नावाजलेला खेळाडू जिम थॉर्प याचे प्रकरण. थॉर्प 1909 मध्ये शाळा सोडून गेला, 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला आणि 1911 मध्ये वॉर्नरच्याच बोलावण्यावरून परतला. त्याच वर्षी त्याने चार फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून पाठवणे) मारून हार्वर्डला 18–15 असे हरवले. 1912 च्या त्याच ऑलिंपिकमध्ये, स्टॉकहोमला, पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन (अनुक्रमे पाच व दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धा) जिंकल्यानंतर, जानेवारी 1913 मध्ये, बेसबॉलची बातमी फुटली. तेव्हा वॉर्नरने कानांवर हात ठेवले. हौशी खेळाडूंच्या संघटनेला थॉर्पच्या सहीने जे पत्र गेले, ज्यात 'मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो' अशा आशयाची कबुली आहे, ते वॉर्नरनेच रचले असावे असे अनेक इतिहासकारांना वाटते. पदके गेली थॉर्पची. प्रशिक्षक मात्र नामानिराळा राहिला.

सस्क्वेहॅना

मी हॅरिसबर्गजवळ राहतो. कार्लाइल येथून अर्ध्या तासावर असून ती जागा आज पुन्हा सैन्याकडे, वॉर कॉलेजकडे आहे. शाळा 1918 मध्ये बंद झाली. फाटकाजवळ पांढऱ्या दगडांच्या रांगा दिसतात. शाळेत दगावलेल्या मुलांची ती दफनभूमी आहे. दगडांवर नाव आणि जमात कोरलेली आहे, तर काहींवर 'अज्ञात' एवढेच. 2017 पासून काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत.

ते पाहिल्यावर पास आणि टचडाउनची चर्चा मला थोडी अवघड वाटते, हे खरे. तथापि दुसरी बाजूही सांगतो. इकडच्या लोकांत थॉर्पच्या संघाचा अभिमान आहे, आणि तो मूलनिवासींमध्येही आहे. अशा शाळेतील मुलांनी हजारो प्रेक्षकांसमोर हार्वर्डला हरवले, ही आठवण कोणालाच पुसून टाकायची नाही.

जुना गडी

थॉर्पच्या अन्यायाचे खापर वॉर्नरवर फोडणे मला पटत नाही. पदके काढून घेतली ती ऑलिंपिक समितीने, आणि तीही नियम मोडून. स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांत आक्षेप घ्यावा असा नियम होता आणि बातमी फुटेपर्यंत सहा महिने उलटले होते. याच कारणावरून 1982 मध्ये पदके परत देण्याचे ठरले आणि 2022 मध्ये तो एकटाच विजेता म्हणून नोंदवला गेला. उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळणारे विद्यापीठीय खेळाडू तेव्हा भरपूर होते. ते खोट्या नावाने खेळत, थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला एवढाच फरक. हा दोष व्यवस्थेचा आहे.

अर्धविराम

तीस दिवसांच्या त्या नियमाचा उल्लेख आपण केलात, हे बरे झाले. कॉर्नेलमधून कायद्याची पदवी घेतलेला आणि थॉर्पबरोबर स्टॉकहोमला गेलेला माणूस त्याच्याजवळ होता. त्या माणसाने पत्रात कबुली लिहवून घेण्याऐवजी नियम पुढे केला असता, तर निदान भांडण तरी झाले असते. समितीने अन्याय केला हे मान्यच आहे, पण वकिलाने आपल्या अशिलाला निमूटपणे हवाली केले, याचा जाब समितीकडे कसा मागायचा?

क्रीडांगण

या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वॉर्नरला काहीच माहीत नव्हते, हे मलाही अविश्वसनीय वाटते.

मात्र श्रेयाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो, ती माझ्या बाजूलाही लागू आहे. 9 नोव्हेंबर 1912 रोजी कार्लाइलने वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला 27–6 असे हरवले. त्या लष्करी संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर होता. सामन्यापूर्वी वॉर्नरने मुलांना त्यांच्या वाडवडिलांच्या सैन्याशी झालेल्या लढायांची आठवण करून दिली, असे सांगितले जाते. जी आठवण पुसण्यासाठी शाळा चालत होती तीच त्याने जिंकण्यासाठी जागवली, हे विचित्रच. पण मैदानावर कोणता डाव खेळायचा हे त्या काळी क्वार्टरबॅक ठरवत असे, आणि त्या दिवशी तो होता गस वेल्च, म्हणजे सव्वा वर्षाने वॉर्नरविरुद्ध साक्ष देणारा. पुढे वेल्च स्वतः वॉशिंग्टन स्टेटच्या संघाचा प्रशिक्षक झाला. तेव्हा त्या विजयापुढे नाव लिहायचे असेल, तर मी वेल्चचे आधी लिहीन आणि वॉर्नरचे नंतर. खोडणार मात्र नाही.